पट्टी बांधण्याआधी

सरकारी दवाखान्यांत बाहेरच्या कंपनीमार्फत कंत्राटी नर्सेस भरू नयेत म्हणून मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. तो वाद अजून धुमसतो आहे, आमच्या बॅचच्या ग्रुपवर तर रोजच. मी इंग्लंडमध्ये पायाच्या जुनाट जखमांच्या क्लिनिकमध्ये नर्स. ‘तुला काय, तू साहेबाच्या देशात,’ असं मैत्रिणी ऐकवतात. खरंय. तरी बोलते.

मी संपाच्याच बाजूची. न भरणारी जखम ओळखीच्या नजरेनं बघावी लागते. गेल्या खेपेला कडा कशा होत्या, वास होता का, सूज किती होती, हे केसपेपरवर अर्धंच उतरतं. अकरा महिन्यांच्या करारावरची मुलगी तयार होईतो तिची मुदत संपते.

पण या भांडणात पदं किती, पगार किती, एवढंच ऐकू येतं. त्या सिस्टरनं करायचं काय, हे कुणी विचारत नाही. तिकडे आमच्या वॉर्डात ड्रेसिंग बऱ्याचदा वॉर्डबॉय मामाच करायचे. हात सराईत, पण पायात रक्त पोचतंय का हे बघायची अपेक्षा ना त्यांच्याकडून होती, ना आमच्याकडून. इथे पट्टीआधी मी डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र, लावून घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजते. गुणोत्तर ०.८ ते १.३ आलं तर घट्ट दाबपट्टीचा (कॉम्प्रेशनचा) निर्णय माझा. फारच कमी आलं तर तीच पट्टी पाय घालवू शकते, म्हणून रुग्ण रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे. जादा शिक्षण घेतलेली नर्स अँटिबायोटिकही लिहून देते. तिकडचे काही डॉक्टर यावर भुवया उंचावतील. उंचावू देत.

इथेही आनंदीआनंद नाही. २०१७-१८ मध्ये इथल्या सरकारी आरोग्यसेवेनं, एनएचएसनं, अंदाजे ३८ लाख रुग्णांच्या जखमा सांभाळल्या, आणि घरोघरी जाणाऱ्या डिस्ट्रिक्ट नर्सेस मात्र घटत गेल्या. कित्येक पायांचं डॉप्लर वेळेत होतच नाही. अधिकार आहे, सवड नाही.

शिवाय पायाच्या जखमांचं काही ज्ञान आपल्याकडचंच. बधिर पायावरचा भार उतरवला की जखम भरते, हे ब्रिटिश सर्जन पॉल ब्रँड तमिळनाडूतल्या वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करताना शिकले. १९६६ मध्ये ते अमेरिकेत गेले, आणि भार उतरवणारं प्लास्टर डायबेटिसच्या पायांनाही लागू लागलं.

पुढच्या वाटाघाटींत दोन ओळी वाढवा: जखमांच्या ओपीडीतल्या सिस्टरची तीन वर्षं दुसऱ्या वॉर्डात बदली नको, आणि तिच्या टेबलावर डॉप्लर हवा. पगाराची मागणी मात्र खाली सरकवू नका.