लोन ॲपच्या हप्त्यांवरचा तो फॉरवर्ड वाचून खातं रिकामं करू नका

पगारापर्यंत भागवायला ॲपवरून घेतलेलं छोटं कर्ज आणि मग त्यापायी खात्यातून परस्पर कापले जाणारे पैसे, यावर उपाय सांगणारा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय, थोड्याफार फरकाने तुमच्याकडेही आला असेल. त्यात लिहिलंय की पगार आला की खातं रिकामं करा, पैसेच नसतील तर कापणार काय. मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायला तुम्ही दिलेली परवानगी) कंपनीशिवाय कोणीच रद्द करू शकत नाही. कर्ज थकवणं गुन्हा नाही त्यामुळे घाबरायचं कारण नाही. महाराष्ट्रात १८ टक्क्यांच्या वर व्याज बेकायदा आहे म्हणून ॲपवाल्यांना एक रुपया द्यायचा नाही. कापलेले पैसे तीन दिवसांत तक्रार केली की बँकेला परत द्यावेच लागतात. ॲप उडवा, सिम बदला, आलेला लिफाफा घेऊ नका, विषय संपला. आणि सगळ्यात शेवटी एक मोबाईल नंबर, ‘३० टक्क्यांत सेटलमेंट करून देतो’.

मी हिशेबाची आणि रिटर्न भरायची कामं करते त्यामुळे लोकांची पासबुकं समोर येतात, आणि हा मेसेज पाळून लोकांनी स्वतःचं काय करून घेतलंय ते दिसतं. राग याचा येतो की यातली बरीच वाक्यं अर्धी खरी आहेत आणि हप्त्याच्या धास्तीने झोप उडालेल्या माणसाला तेवढं अर्धं पुरतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘पगार आला की खातं रिकामं करा, पैसेच नसतील तर कापणार काय’

हप्त्याची तारीख आली की कंपनी आपल्या बँकेमार्फत नॅचवर, म्हणजे बँकांमधल्या ऑटो डेबिटच्या यंत्रणेवर, मागणी टाकते, तुमच्या खात्यात पैसे नसले की ती परत जाते, यालाच आपण बाउंस म्हणतो. त्याचा चार्ज तुमची बँक लावते, साधारण अडीचशे ते साडेपाचशेच्या घरात आणि वर १८ टक्के जीएसटी, शिवाय कंपनी स्वतःचा दंड लावते तो वेगळाच. आता मँडेट देताना आपण भराभर ओके करत जातो, तिथे बऱ्याचदा ‘ॲज अँड व्हेन प्रेझेंटेड’ (कंपनी मागेल तेव्हा) असं असतं आणि रक्कम हप्त्यापेक्षा कितीतरी जास्त लिहिलेली असते, म्हणजे कंपनी एकदा परत आलं म्हणून थांबत नाही, चार दिवसांनी परत टाकते, परत बाउंस, परत चार्ज. आणि खात्यात पैसेच नसतात तेव्हा बँकेचा चार्ज माफ होत नाही, तो बाकी राहतो आणि पुढे जे काही जमा होईल त्यातून आधी तो वळता होतो. डिलिव्हरीचं काम करणाऱ्या एका पोराचं पासबुक माझ्याकडे आलं होतं, बहिणीने खोलीच्या भाड्यासाठी पाठवलेल्या पैशांतला मोठा तुकडा असाच नुसत्या रिटर्न चार्जेसमध्ये गेला होता, कर्ज मात्र होतं तिथेच.

हे झालं पैशाचं. यात कायद्याचाही एक भाग आहे जो त्या मेसेजमध्ये नाही, आणि पुढचा मुद्दा त्याच्याशीच जोडलेला आहे.

‘कर्ज थकवणं गुन्हा नाही, कोणी काही करू शकत नाही’

पहिला अर्धा भाग बरोबर. नोकरी गेली, आजारपण आलं, हप्ता भरता आला नाही, एवढ्यावरून पोलीस अटक करत नाहीत, तो दिवाणी मामला आहे. फोनवर ‘वॉरंट निघालंय, दोन तासांत गाडी येतेय’ असं सांगणारा धडधडीत खोटं बोलत असतो.

पण चेक बाउंस झाला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ लागतं हे आपल्याला माहीत असतं ना, तसंच ऑटो डेबिटसाठी पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट, २००७ मध्ये कलम २५ आहे. खात्यात पुरेसे पैसे नाहीत म्हणून इलेक्ट्रॉनिक पेमेंट परत गेलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. लगेच घाबरू नका, त्याला पायऱ्या आहेत. बँकेकडून बाउंसची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने लेखी नोटीस पाठवावी लागते, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही तेवढी रक्कम भरली तर ते प्रकरण पुढे जात नाही. म्हणजे ते १५ दिवस फार महत्त्वाचे. आणि मेसेज सांगतो की सिम बदला, आलेला लिफाफा घेऊ नका! नोटीस आली की घ्या, तारीख लिहून ठेवा आणि वकिलाला परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० ही त्यांची हेल्पलाइन.

वसुलीवाल्यांनाही नियम आहेत. १२ ऑगस्ट २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे थकलेल्या कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, धमकावता येत नाही, चारचौघात अपमान करता येत नाही, नातेवाईक-मित्रांच्या खाजगी आयुष्यात घुसता येत नाही. कॉल रेकॉर्ड करा, स्क्रीनशॉट ठेवा, तारखेनिशी.

‘मँडेट रद्द करायचा हक्क फक्त कंपनीला’

हे साफ चूक आहे, आणि हेच नीट कळलं तर खातं रिकामं ठेवायची वेळच येत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी पैसे कुठल्या वाटेने जातायत ते शोधा. पासबुकात किंवा स्टेटमेंटमध्ये नॅच किंवा एसीएच लिहिलं असेल तर ते बँकेतलं मँडेट, त्याला यूएमआरएन नावाचा नंबर असतो. युपीआयवरून जात असतील तर तुमच्या युपीआय ॲपमध्ये ऑटोपे म्हणून जागा असते, तिथे सगळी चालू मँडेट दिसतात आणि बंद करायचा पर्याय असतो. डेबिट कार्डावर दिलेलं असेल तर ते कार्डाच्या ई-मँडेटच्या यादीत. युपीआय आणि कार्डाच्या ऑटो पेमेंटला पैसे कापायच्या २४ तास आधी तुम्हाला मेसेज यायला हवा, तो आपण जाहिरात समजून उडवतो, तसं करू नका.

नॅचसाठी तुम्ही ज्या बँकेत खातं आहे त्याच बँकेला मँडेट मागे घेतोय असं सांगू शकता. बऱ्याच बँकांच्या नेटबँकिंगमध्ये सोय आहे, नसेल तर शाखेत लेखी अर्ज द्या. खाते नंबर, यूएमआरएन, कंपनीचं नाव, आणि ‘हे मँडेट आजपासून मागे घेत आहे, यापुढे या मँडेटवर पैसे देऊ नयेत’ एवढं पुरतं. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का-सही-तारीख घेऊनच काउंटरवरून हला. काउंटरवरचा माणूस नव्वद टक्के वेळा म्हणणार की आमच्याकडून होत नाही, कंपनीला सांगा. वाद घालू नका, म्हणावं ठीक आहे, तेच लेखी द्या किंवा माझा अर्ज पोच करून घ्या. हे हप्त्याच्या तारखेच्या निदान आठवडाभर आधी करा कारण आदल्या दिवशी गेलात तर मागणी आधीच सिस्टिममध्ये पडलेली असते. अर्ज देऊनही पैसे गेले तर बँकेच्या तक्रार विभागाला लिहा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर फुकट तक्रार करता येते, फोन १४४४८.

पण मँडेट मागे घेतलं म्हणजे कर्ज संपलं असं कोणी समजू नका. ज्या दिवशी बँकेत अर्ज द्याल त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा. त्यात सरळ लिहा की मी कर्ज नाकारत नाही, ऑटो डेबिटने माझं घरभाडं आणि रेशन अडतंय म्हणून मँडेट मागे घेतलंय, मी दरमहा अमुक तारखेला अमुक रक्कम भरू शकतो, तुमच्या कंपनीच्या खात्याचा तपशील आणि आजपर्यंतचा हिशेब पाठवा. हा ईमेल पुढे कुठेही, लोकपालाकडे काय किंवा कोर्टात काय, तुमची नियत दाखवणारा कागद असतो. आणि जमेल तेवढीच रक्कम लिहा, घाबरून मोठी लिहून दुसऱ्या महिन्यात चुकवलीत तर पंचाईत.

हिशेब मागाल तेव्हा दंडावर नजर ठेवा. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात सांगितलंय की दंड हा दंड म्हणूनच लावायचा, व्याजदरात मिसळायचा नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. थकलेल्या खात्यात हे पाळलंय का ते विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

जाता जाता, कर्ज ज्या बँकेचं आहे त्याच बँकेत पगार येत असेल तर मँडेट असो नसो बँक खात्यातून परस्पर वळतं करू शकते. अशा वेळी पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत न्यायचं का याचा विचार करा, त्यात बेकायदा काही नाही.

‘१८ टक्क्यांच्या वर व्याज बेकायदा, एक रुपया देऊ नका’

इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीय. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर १८ टक्क्यांची मर्यादा आहे, हे खरं. पण बँका आणि एनबीएफसी (कर्ज देणाऱ्या बिगरबँक वित्त कंपन्या) यांना हा कायदा लागत नाही, त्या रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येतात, मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही एनबीएफसींना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत असंच म्हटलंय. त्यामुळे ॲपच्या मागे खरी एनबीएफसी असेल तर ३० टक्के व्याज जड असलं तरी ‘१८ च्या वर म्हणून रद्द’ असं होत नाही.

मग ॲपच्या मागे कोण आहे हे बघायचं कसं? डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार (आधी सप्टेंबर २०२२, मग मे २०२५ चे नवे निर्देश) कर्जाचे पैसे देणाऱ्या कंपनीच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवेत आणि परतफेडही थेट तिच्याच खात्यात, मधल्या ॲपवाल्याच्या नाही. सगळे चार्ज धरून वार्षिक टक्केवारी सांगणारं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यायला हवं. कर्ज घेतल्यावर निदान एक दिवस पश्चात्तापाची मुभा हवी ज्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं. फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लॉग ॲपला बघता येत नाहीत. शिवाय पूर्ण रक्कम ६० दिवसांच्या आत फेडायला लावणारी पर्सनल लोनची ॲप गुगल स्वतःच्या प्ले स्टोअरवर चालू देत नाही, म्हणजे सात दिवसांचं कर्ज देणारं ॲप दिसलं की तिथेच थांबा. पाच हजार मंजूर, हातात बत्तीसशे, आठव्या दिवशी पाच हजार परत, म्हणजे आठवड्याला छप्पन टक्के! रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत कर्ज देणारी अकराशेच्या आसपास ॲप सापडली होती, त्यातली सहाशे बेकायदा.

असं बेकायदा ॲप असेल तर ते कोर्टात जाऊन वसुली करू शकत नाही, विनापरवाना सावकारी हा आपल्या राज्यात पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पण नुसतं गप्प बसून ते थांबत नाहीत, फोटो मॉर्फ करून नातेवाइकांना पाठवायला लागतात, तिथे लाजायचं नाही. १९३० वर फोन, सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार, खंडणीची तक्रार पोलीस ठाण्यात (भारतीय न्याय संहिता कलम ३०८), आणि रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर ॲपचं नाव. ज्यांना फोन जाऊ शकतात त्या घरच्यांना आधीच सांगून ठेवा, धमकीतली निम्मी हवा तिथेच जाते. आणि गप्प करण्यासाठी म्हणून कुणाच्या तरी वैयक्तिक युपीआयवर पैसे पाठवू नका, एकदा दिलेत की दुसरा फोन येतोच.

‘तीन दिवसांत तक्रार केली की पैसे परत’

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, त्यात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य असं आहे खरं. पण ते तुमच्या परवानगीशिवाय, तुमची चूक नसताना झालेल्या व्यवहारांसाठी. तुम्हीच दिलेल्या मँडेटवर हप्ता गेला आणि ‘मी दिलंच नाही’ असं लिहिलंत तर बँक ओटीपीची नोंद समोर ठेवते आणि तुमची खरी तक्रारही मग कोणी ऐकत नाही. कर्ज घेतलंच नव्हतं, किंवा फेडून झाल्यावरही कापलं, किंवा मँडेटपेक्षा जास्त रक्कम गेली, तर मात्र त्याच दिवशी कळवा. पहिल्या तीन दिवसांत कळवलेल्या अशा व्यवहाराची रक्कम बँकेने १० कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती जमा करायची असते आणि तुमची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर असते.

‘ॲप उडवा, सिम बदला’

ॲप उडवल्याने मँडेट जात नाही, ते बँकेत असतं. उलट ॲपमधला कर्जाचा करार, हप्त्यांचा हिशेब, कंपनीचं नाव हे सगळे पुरावे जातात, आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट आणि पीडीएफ काढा. आणि बँक खात्याला जोडलेला नंबर बंद केलात तर पैसे कापल्याचा मेसेजही तुम्हाला येणार नाही. सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, तर थकबाकी चढतेच, डिजिटल कर्ज कितीही छोटं आणि कितीही कमी दिवसांचं असलं तरी कळवणं कंपनीला बंधनकारक आहे.

‘या नंबरवर फोन करा, ३० टक्क्यांत सेटलमेंट’

मेसेज मुळात कशासाठी लिहिलाय ते इथे कळतं. असले लोक आधी फी घेतात, हप्ते पूर्ण थांबवायला सांगतात आणि काही महिन्यांनी फोन उचलत नाहीत. सेटलमेंट तुम्ही स्वतः कंपनीशी करू शकता, कंपनीच्या लेटरहेडवर रक्कम आणि तारीख आल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत एवढंच पाळा. लोकअदालतीतही होतं. मात्र सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा लागतो आणि पुढे घरासाठी वगैरे कर्ज घेताना तो आड येतो, त्यामुळे हप्ते लांबवून पूर्ण फेडणं जमत असेल तर आधी तेच मागा.

शेवटचा हप्ता गेला की नो ड्यूज सर्टिफिकेट मागून घ्या आणि मँडेट बंद झालंय का ते बँकेत जाऊन बघा, कर्ज संपल्यावरही ते चालूच राहिलेलं मी पासबुकांत पाहिलंय. महिना-दोन महिन्यांनी सिबिलचा रिपोर्ट काढा, सिबिल धरून अशी नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, आणि खातं ‘क्लोज्ड’ दिसत नसेल तर तिथेच तक्रार टाका, ३० दिवसांत दुरुस्त झालं नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी.