टाकीत माणूस उतरवला जातो, कारण तो स्वस्त पडतो

सेप्टिक टँकमध्ये गुदमरून कामगारांचा मृत्यू, ही बातमी पुन्हा पुन्हा येते. त्यात 'दुर्दैवी घटना' असं असतं, मेलेल्यांची नावं आणि वयं असतात. काम कोणी दिलं, वर्क ऑर्डरमध्ये काय लिहिलं होतं, हे नसतं. आणि खाली कमेंटमध्ये कोणीतरी हमखास विचारतं, "मास्क का नाही लावला?" मला सगळ्यात जास्त चीड या प्रश्नाची येते.

साधा मास्क धूळ अडवतो, वायू अडवत नाही. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचून राहतो. थोडा असताना सडक्या अंड्यांचा वास येतो, पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग वायू) आसपास नाकच बधिर होतं. वास गेला, म्हणजे वायू गेला असं वाटून माणूस आणखी खाली जातो. 700 पीपीएमच्या वर तो काही श्वासांतच कोसळतो. आधी वायू मोजणारं मीटर आत सोडून तपासलं तरी निर्धास्त होता येत नाही, कारण गाळात पाय पडला किंवा फावडं फिरलं की आत कोंडलेला वायू एकदम सुटतो. पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो. मे 2019 मध्ये ठाण्यात ढोकाळीच्या एका गृहसंकुलातल्या एसटीपीमध्ये, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पात, तीन सफाई कामगार गेले.

मग माणूस उतरवतातच कशाला? सक्शन गाडी पातळ मैला ओढते, तळाचा घट्ट थर ओढत नाही. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी. सोसायट्या ती तुंबेपर्यंत थांबतात. तो थर वरूनच जेटने पाणी मारून सैल करता येतो आणि पुन्हा ओढता येतो. पण त्यात गाडीच्या फेऱ्या वाढतात, बिल वाढतं.

घोडबंदर रोड काय नि खारघर काय, टॉवरमधली अडचण निराळी. एसटीपी बेसमेंटला असेल तर गाडी बहुतेक वेळा वरच राहते, आणि व्हॅक्यूमने सात-आठ मीटरपेक्षा जास्त खोलीवरून ओढता येत नाही. त्यात सॅनिटरी पॅड, वेट वाइप्स, चिंध्या अडकून सबमर्सिबल (मैल्यात बुडून चालणारा) पंप जाम होतो. पंप गाईड रेलवर, म्हणजे वर-खाली सरकवायच्या उभ्या दांड्यांवर, बसवलेला असेल तर साखळीने वर ओढून, बाहेर आणून साफ होतो. तळाला बोल्टने आवळलेला असेल, तर ते बोल्ट सोडायला कोणालातरी खाली पाठवलं जातं. रेल आणि पंपाच्या आधी जाळी, हा एकदाचा खर्च. तोच टाळला जातो.

लिफ्टच्या पिटमध्ये मेकॅनिक उतरतो तेव्हा मेन स्विच बंद आहे ना, हे बघितलं जातं. त्याला कोणी "दोन मिनिटांचं काम आहे, ये उतरून" म्हणत नाही. टाकीत उतरणाऱ्याला म्हणतात. केंद्राच्या सफाई कामगारांसाठीच्या नमस्ते योजनेत 2024 पर्यंत ज्या 38 हजारांच्या आसपास गटार-सेप्टिक टँक कामगारांची नोंद झाली, त्यातले सुमारे 92 टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी आहेत. निव्वळ अनुसूचित जातींचे दोन तृतीयांशाहून जास्त. नाक्यावरून अमुकच माणूस का आणला जातो, याचं उत्तर त्या आकड्यात आहे. "ते लोक करतात हे काम" असं शिकलेली माणसं सोसायटीच्या मीटिंगमध्ये सहज बोलून जातात.

कायदा मवाळ नाही. हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याच्या कलम 7 नुसार गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही थेट किंवा अप्रत्यक्षपणे कामाला लावता येत नाही. 'अप्रत्यक्षपणे' म्हटल्यावर ठेकेदाराच्या आड लपता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली.

म्हणून कमिटीत असाल तर वर्क ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहून घ्या: काम मशीननेच, माणूस आत जाणार नाही, घट्ट गाळ जेटिंगने काढायचा, फेऱ्यांचे पैसे वेगळे मिळतील. ते पैसे आधीच मंजूर केलेत तर ठेकेदाराला शॉर्टकटचं कारण उरत नाही. काम चालू असताना कमिटीतला एकजण तिथे उभा हवा, वॉचमनवर सोपवून चालत नाही. चेंबरची झाकणं आदल्या दिवसापासून उघडी ठेवा, भोवती कठडा लावा, आसपास विडी-काडी नको, कारण मिथेन पेट घेतो. तरीही कोणी आत पडलाच तर मागोमाग उतरू नका. 101 ला फोन करा, ब्लोअरने ताजी हवा आत सोडत राहा.

आणि अशी बातमी आलीच तर गुन्हा कुठल्या कलमाखाली नोंदवला, हे विचारा. नुसतं निष्काळजीपणाचं कलम असेल तर 2013 चा कायदा का नाही लावला, मरणारा अनुसूचित जातीचा असेल तर ॲट्रॉसिटीचं कलम का नाही, हे पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि अर्जाची पोच घ्या.