हेडर बसवले की पिकअपची ताकद वाढतेच का?

पिकअपचा मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांचा जळका वायू गोळा करून बाहेर नेणारा भाग) काढून त्या जागी प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी असलेले हेडर बसवले की इंजिनाची ताकद प्रत्येक आरपीएमवर (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर) वाढते, नळी जितकी रुंद तितका फायदा मोठा, बाकीचे ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आपोआप जुळवून घेतो आणि डिझेललाही हेच लागू पडते, असा सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो. त्यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच तो मुद्द्यागणिक तपासणे गरजेचे वाटते.

‘प्रत्येक आरपीएमवर’ हे म्हणणे मुळातच टिकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची लाट नळीतून धावते आणि सगळ्या नळ्या जिथे एकत्र येतात तिथून कमी दाबाची लाट उलट फिरते. इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदमच उघडे असतात. त्याच वेळी ही लाट परत पोहोचली, तर सिलिंडरमधला उरलेला जळका वायू ओढला जातो आणि ताजी हवा अधिक शिरते. हेडरचा मुख्य लाभ या वेळेच्या मेळातून मिळतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडल्यापासून दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याच्या वेळेपर्यंत क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) साधारण 220 अंश फिरतो असे धरले, तर 5000 आरपीएमला त्याला 7 मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो, 2000 आरपीएमला मात्र सुमारे 18. नळीची लांबी आरपीएमप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे एका टप्प्यात जमलेला मेळ दुसऱ्या टप्प्यात बिघडतो. ओझे घेऊन चढ चढणारी पिकअप बहुतेक वेळ खालच्या आरपीएमवरच चालते, आणि जाहिरातीतला आकडा बहुधा वरच्या टोकाचा असतो.

रुंद नळीचा दावाही असाच अर्धवट आहे. व्यास 20 टक्क्यांनी वाढवला की छेदाचे क्षेत्रफळ 44 टक्क्यांनी वाढते आणि तेवढ्याच वायूचा वेग मूळच्या सुमारे 70 टक्क्यांवर येतो. वेग मंदावला की ओढही मंदावते आणि खालच्या आरपीएमचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) घटतो. ही घट पाहून ‘इंजिनाला बॅक प्रेशर (बाहेर जाणाऱ्या वायूला होणारा उलटा दाब) लागतेच’ असा दुसरा गैरसमज पसरतो. वास्तविक पिस्टनला विरोध करणारा दाब कोणत्याही इंजिनाला उपयोगाचा नसतो, हरवलेला असतो तो वेग.

ईसीयू ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे इंधन दुरुस्त करतो, हे खरे. मात्र पूर्ण थ्रॉटलवर अनेक गाड्यांत तो साठवलेल्या कोष्टकावरच चालतो, म्हणजे जिथे जास्तीत जास्त ताकद मोजली जाते तिथेच ही दुरुस्ती थांबलेली असते. शिवाय सेन्सरच्या आधीच्या सांध्यात गॅस्केट नीट बसले नाही, तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) भासते आणि इंधन विनाकारण वाढते. लांब नळ्यांच्या हेडरमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) मागे सरकतो आणि थंड इंजिन सुरू झाल्यावर उशिरा तापतो. तो काढूनच टाकणे अनेक देशांत बेकायदेशीर आहे.

टर्बो डिझेलला हा सल्ला तर सर्वांत कमी लागू पडतो. तिथे मॅनिफोल्डने वायूची उष्णता आणि दाब टर्बाइनपर्यंत (जळक्या वायूवर फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या चक्रापर्यंत) टिकवायचा असतो. लांब, पातळ पत्र्याच्या नळ्या ती उष्णता वाटेतच गमावतात आणि टर्बो उशिरा जागा होतो.

टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन, वरच्या आरपीएमचा वापर, त्याला साजेसा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि नव्याने केलेले ट्यूनिंग एकत्र असेल, तर हेडरचा खर्च सार्थकी लागू शकतो. अन्य कुणी हेडर घेणार असेल, तर त्याने विक्रेत्याकडे एकाच डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) घेतलेले आधीचे आणि नंतरचे टॉर्कचे आलेख मागावेत, आणि त्यांतला 1500 ते 3500 आरपीएमचा भाग आधी पाहावा.