सारिफमुळे दुबार इशारे आपोआप गळत नाहीत

कोडमधल्या चुका शोधून इशारे देणाऱ्या टूल्सबद्दल सांगली-मिरजेच्या आमच्या प्रोग्रामर ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘सगळ्या टूल्सचे रिपोर्ट सारिफमध्ये घ्या, दुबार इशारे आपोआप एक होतात.’ हे चुकीचं आहे. सारिफ (SARIF) हा अशा टूल्सचे रिपोर्ट लिहायचा, जेसन (माहिती मांडायचा मजकुरी प्रकार) फाइलचा ठरलेला साचा. त्याची २.१.० आवृत्ती ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये मानक म्हणून मंजूर केली. फाइल, ओळ, संदेश कुठे नोंदवायचा ते तो ठरवतो. इशारा ज्या नियमावरून येतो, त्याचं नाव मात्र ज्या त्या टूलचं. पायथनमध्ये न वापरलेल्या व्हेरिएबलला पायलिंट हे टूल डब्ल्यू०६१२ म्हणतं, फ्लेक८ हे दुसरं टूल एफ८४१. मग एकाच ओळीवर दोन नोंदी येणारच. फिंगरप्रिंटची, म्हणजे नोंदीला ओळखखूण जोडायची, सोय आहे, पण ती मुख्यतः त्याच टूलच्या जुन्या-नव्या रनमधली तीच चूक ओळखायला. दोन टूल्सच्या नोंदींची जुळवणी, कोणता नियम कोणत्याशी जुळतो याचा तक्ता करून, आपल्यालाच करावी लागते. नवख्या पोरांनी त्या मेसेजवर विसंबून ही पायरीच गाळू नये, म्हणून कळकळीने लिहितोय.