कपाटांशी दोन हात

मॉड्युलर किचनवाल्या पोराने ओट्याखाली वाकून पाहिलं आणि जाहीर केलं, "काकू, हे सगळं काढून टाकावं लागेल." मग आकडा सांगितला. आकडा मी एकवेळ गिळला असता, पण 'काकू' काही घशाखाली उतरेना. कपाटं राहणार, फक्त रंग बदलणार, हे तिथल्या तिथे ठरलं.

शिवाय कपाटं ठणठणीत होती. सुताराने घरात बसून १९ मिलिमीटरच्या मरीन प्लायची केलेली; सिंकच्या मागे आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या या प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का अजून वाचता येतो. वरचा सनमायका मूळचा बदामी की फोडणीमुळे झालेला, यावर मात्र घरात एकमत नाही.

रंगाच्या दुकानदाराने आमचा उत्साह जागेवर आणला. सनमायका गुळगुळीत, रंगाला धरायला काहीच नाही. नुसता ऑइलपेंट फासला तर नखाने सोलून निघेल. आधी तेलकटपणा धुवा, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चकाकी घालवा, त्यावर सनमायकाला चालणारा प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात. "आणि मॅडम, पांढरा हवा असेल तर पाण्यातला इनॅमल घ्या. ऑइलपेंटचा पांढरा पिवळा पडतो." मॅडम म्हणाला! मी लगेच एक डबा जास्तीचा घेतला.

रंगवणं हा या कामातला सगळ्यात किरकोळ भाग आहे, हे आधी कोणी सांगत नाही. आधी कपाटं रिकामी करायची. त्यातून श्रीखंडाचे इतके डबे निघाले की आम्ही एवढं श्रीखंड कधी खाल्लं, असा प्रश्न पडावा. त्यांपैकी एकाचंही झाकण त्याला बसत नव्हतं. टाकायला काढले, तर सासूबाईंनी ते बेडरूममध्ये नेऊन पलंगाखाली सरकवले. मग धुणं. चिमणीशेजारच्या दाराची मूठ काढली, तर तिच्याखालून तपकिरी चिकटा तार धरून आला. सोड्याचं गरम पाणी, जुना टूथब्रश आणि माहेरी शिकलेले काही शब्द वापरल्यावर तो सुटला.

दारं बिजागऱ्यांतून काढायच्या आधी मी प्रत्येकाच्या कडेवर पेन्सिलीने नंबर घातला होता. हाताने केलेली कपाटं, दोन दारं सारख्या मापाची असतील तर शपथ. घासायचं काम नवऱ्याकडे होतं. एरवी पंखा पुसायला सांगितला तर मधली वाटी सोडून देणारा हा माणूस कडासुद्धा आरशासारख्या करून उठला. नंबर गेले. ते मला कळलं दुसरा हात वाळल्यावर, दारं लावताना. गॅलरीत वाळत घातलेल्या एका दारावर कबुतराचं पीस चिकटलं होतं. तेवढं एकच ओळखू येत होतं, तेही कुठलं ते नाही.

शेवटी सासूबाई चष्मा लावून आल्या. दारांच्या आतल्या बाजूंना आम्ही रंग दिला नव्हता. "हे सिलिंडरचं," त्या म्हणाल्या. आत पेन्सिलीने गॅस लावल्याच्या तारखांची रांग होती. दुधाचा हिशोब असलेलं दार फ्रीजशेजारचं, हळदीची पाच बोटं उमटलेलं मसाल्याचं, आणि जुन्या कालनिर्णयाचं पान चिकटवलेलं कोपऱ्यातलं. बघता बघता सगळी दारं जागेवर गेली. नवरा स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्यांच्या हुकमाची वाट बघत उभा.

आता कपाटं मोत्यासारखी दिसतात. पण रंग हाताला वाळलेला लागला तरी पुरता कडक व्हायला काही आठवडे जातात, आणि तोवर दार चौकटीला चिकटून बसतं. उघडलं की 'चर्रक' आवाज येतो. कालही रात्री बाराच्या सुमारास आला. लाडवाच्या कपाटाचा. मी उठणार, एवढ्यात सासूबाईंच्या खोलीतून आवाज आला, "शुगर वाढलेल्यांनी डबा होता तिथे ठेवावा!"

पुन्हा 'चर्रक'.