विजयदुर्गाखालची आग कोणाची?

'नानासाहेब पेशव्यांनी शिवाजी महाराजांचे आरमार केवळ आंग्र्यांच्या द्वेषापोटी स्वतःच्या हातांनी जाळले आणि त्या दिवसापासून मराठ्यांचे समुद्रावर काहीच उरले नाही,' हा मजकूर दर काही महिन्यांनी पुन्हा फिरू लागतो. 1756 मध्ये नानासाहेबांकडून मोठी चूक झाली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र हा मजकूर जी चूक सांगतो ती ही नव्हे, आणि खोट्या आरोपाच्या गदारोळात खरा आरोप मागे पडतो, म्हणून हे लिहावेसे वाटले.

प्रथम आगीविषयी. 12 फेब्रुवारी 1756 रोजी इंग्रज ॲडमिरल चार्ल्स वॉटसनचा 'केंट', 'कंबरलँड', 'टायगर' अशा युद्धनौकांचा ताफा वाघोटनच्या खाडीत शिरला आणि विजयदुर्ग किल्ल्यावर तोफांचा मारा सुरू झाला. किल्ला ज्यांच्या ताब्यात होता त्या तुळाजी आंग्र्यांची जहाजे तेव्हा तटाच्या आश्रयाला एकमेकांना बांधून उभी होती. दुपार कलता कलता एक पेटता गोळा 'रिस्टोरेशन'वर येऊन पडला. हे जहाज तुळाजींनी 1749 मध्ये इंग्रजांकडूनच जिंकून आणलेले होते. त्याने पेट घेतला आणि आग शेजारच्या गुराबांवर (मोठ्या लढाऊ जहाजांवर), तेथून गलबतांवर जाऊन बघता बघता सगळा ताफा भस्मसात झाला. दोर तोडून जहाजे अलग करण्याइतकी उसंतही कोणाला मिळाली नाही. रामाजी महादेवांच्या हाताखालील पेशव्यांची फौज त्या वेळी जमिनीच्या बाजूने वेढा घालून होती. ती आग पेशव्यांच्या तोफेची नव्हती. शिवाय जळालेली जहाजे कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याने उभारलेली आणि जिंकलेली होती. महाराजांच्या निधनाला तेव्हा पाऊणशे वर्षे उलटली होती.

द्वेषाचा मुद्दा अर्धवट आहे. कान्होजींच्या पश्चात आंग्र्यांच्या घरातच फूट पडली होती आणि 1735 मध्ये बाजीरावांनी कुलाबा मानाजी आंग्र्यांकडे व दक्षिणेकडील ठाणी संभाजी आंग्र्यांकडे अशी वाटणी केली. संभाजींनंतर आलेले तुळाजी पेशव्यांचा अधिकार मानीत नव्हते. त्यांना वठणीवर आणणे ही राज्यकारभाराची बाब होती. त्यासाठी कोणाला सोबत घेतले, हा खरा प्रश्न आहे.

'काहीच उरले नाही' हे विधान तर मला सर्वांत जास्त खटकते, कारण त्याने नंतरच्या दर्यावर्दींचे नावच पुसले जाते. कुलाब्याच्या आंग्र्यांचे आरमार 1756 नंतरही होते. विजयदुर्गास पेशव्यांचा आरमारी सुभा उभा राहिला आणि तो पुढे आनंदराव धुळपांनी सांभाळला. 8 एप्रिल 1783 रोजी याच किल्ल्याजवळच्या समुद्रात धुळपांच्या ताफ्याने 'रेंजर' हे इंग्रजांचे जहाज गाठले. इंग्रज-मराठ्यांमध्ये सालबाईचा तह झालेला असल्यामुळे या लढाईवरून पुढे तक्रारी झाल्या, पण लढाई नाममात्र नव्हती: जहाजावरचा मेजर शॉ ठार झाला, कर्नल मॅक्लिऑड जखमी झाला, कर्नल हंबरस्टन जखमांनी पुढे दगावला, आणि 'रेंजर' विजयदुर्गाखाली आणून नांगरण्यात आले. ज्यांच्याजवळ समुद्रावर काहीच उरले नव्हते, त्यांनी हे कसे केले असते?

आता खरी चूक. मार्च 1755 मध्ये पेशव्यांच्या वतीने मुंबईकर इंग्रजांशी करार झाला, त्यात दोन्हीकडच्या जहाजांची सूत्रे इंग्रजांच्या हाती देण्यात आली. घरच्या भांडणात समुद्राची किल्ली परक्याकडे सोपवली, ती येथे. पुढच्याच महिन्यात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग जिंकला आणि तो करारानुसार पेशव्यांना मिळाला, त्यामुळे पुण्यात विश्वास बसला असावा. विजयदुर्गाच्या वेळी मात्र इंग्रजांनी लुटीची वाटणी मोहिमेआधीच आपसांत ठरवून टाकली होती, आणि 12 फेब्रुवारीच्या रात्री इंग्रज सेनानी रॉबर्ट क्लाइव्हने आपले सैन्य उतरवले ते नेमके किल्ला आणि मराठी छावणी यांच्या मध्ये, म्हणजे रामाजींच्या माणसांना आत पाऊल टाकता येऊ नये. तुळाजी रामाजींच्या हाती लागले, किल्ला आणि आतील सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांच्या. किल्ला करारानुसार पेशव्यांचा होता. तरीही इंग्रजांनी तो ऑक्टोबरपर्यंत सोडला नाही, आणि सोडला तो कोकणातील बाणकोट स्वतःकडे पक्के करून व डचांना मराठी मुलखात व्यापार करू न देण्याचे वचन घेऊन मगच.