मशीन जपानचं, लय कुणाची?

हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत रोलंड या जपानी कंपनीची टीआर-८०८ (ठेक्याचं यंत्र), टीबी-३०३ (बेसचं यंत्र) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर) ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. शिकागोच्या फ्यूचर या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’, जिच्यापासून अ‍ॅसिड हाऊस हे यंत्रांवरचं नृत्यसंगीत सुरू झालं असं मानतात, ती आली १९८७ मध्ये. त्यावरून आपल्याकडे अधूनमधून दावा होतो, की अ‍ॅसिड हाऊस मुंबईने आधी काढलं. गणपती जवळ आले की दुसरा वाद तापतो, डॉल्बी की ढोल-ताशा, आणि त्यात एक वाक्य ठरलेलं: यंत्राच्या संगीताला जीव नसतो. डेट्रॉइटमध्ये राहून हे दोन्ही वाद वाचताना एकच गोष्ट खटकते. अभिमानाने छाती फुगवणारे आणि नाकं मुरडणारे, दोघंही यंत्राकडेच बघतात. त्यात ठेका कुणी भरला आणि तो कुठून आणला, हे कुणी विचारत नाही.

इथे हाच प्रश्न आधी येतो. टेक्नो या यंत्रांवरच्या नृत्यसंगीताचा पाया घालणारे हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन जवळच्याच बेलव्हिलचे. इलेक्ट्रिफाइंग मोजो हा इथला रेडिओ निवेदक क्राफ्टवेर्क हा जर्मन इलेक्ट्रॉनिक गट, गायक प्रिन्स आणि पार्लमेंट हा फंक (कृष्णवर्णीय अमेरिकी नृत्यसंगीत) वाजवणारा गट एकाच कार्यक्रमात वाजवायचा. या पोरांचे कान तिथे तयार झाले. पार्लमेंटच्या ‘फ्लॅश लाइट’मधला बेस बर्नी वॉरेलने मिनीमूग सिंथेसायझरवर वाजवलाय. म्हणजे १९७८ पर्यंत फंक स्वतःच इलेक्ट्रॉनिक झालं होतं, आणि टेक्नो जर्मनीहून आलं म्हणणारे अर्धंच सांगतात.

फंकचं मर्म गायक जेम्स ब्राउनच्या ‘वन’मध्ये आहे. चार मात्रांतल्या पहिलीवर सगळा बँड एकत्र येतो. उरलेल्या तिघींत प्रत्येकाने आपली जागा शोधायची आणि बाकीची रिकामी सोडायची. आपल्या समेसारखंच, फक्त ही सम साधारण दर दोन सेकंदांनी येते.

८०८ वर सोळा बटणं, म्हणजे मात्रेचे चार-चार भाग. त्यात स्विंगची (काही आघात मुद्दाम जरा उशिरा पाडण्याची) सोय नव्हती, त्यामुळे इलेक्ट्रोमध्ये (अशा यंत्रांवर बांधलेल्या नृत्यसंगीतात) फंक उतरलं ते रिकाम्या जागांतून. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये करून बघा. गती मिनिटाला १०० मात्रा ठेवा. सोळा घरांपैकी किक (पायाने वाजवायचा जाड ड्रम) १, ३, ११, १४ वर. स्नेअर (खणखणीत ड्रम) ५ आणि १३ वर, जोर १२७ पैकी ११०. मग ८, १०, १२, १६ वर स्नेअरचेच हलके आघात, जोर ३० च्या आसपास. हे चार हलके आघात काढलेत तर ठेका लंगडतो. सगळे ११० वर नेलेत तर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं होतं आणि ५-१३ हरवतात.

दुसरी गोष्ट स्विंग. रॉजर लिन यांच्या १९८० च्या एलएम-१ या ठेक्याच्या यंत्रात ती होती: दर दुसरा पाव भाग जरा उशिरा. १२० च्या गतीला पाव मात्रा १२५ मिलिसेकंदांची. दोन पाव मात्रांच्या जोडीत दुसरा आघात ५० टक्क्यांवर म्हणजे सरळ. ५८ टक्क्यांवर तो आघात २० मिलिसेकंद मागे पडतो, आणि एवढ्यानेच पाय हलायला लागतात. नेहमी बिघडतं ते इथे: जुन्या फंक तबकडीतून उचललेल्या तुकड्यात वादकाची स्वतःची ओढ असते. त्यावर सरळ हाय-हॅट (ड्रमसंचातली झांजांची जोडी) ठेवला की दर दुसरा आघात दुहेरी ऐकू येतो. अशा वेळी हाय-हॅट सरकवा, तुकडा ठोकून सरळ करू नका.

इंडस्ट्रियल या यंत्रांच्या कर्कश आवाजांवर उभ्या संगीताला आपल्याकडे निव्वळ गोंगाट समजतात. पण शेफिल्डचा कॅबरे व्हॉल्टेअर हा टेपचे तुकडे जोडणारा गट १९८३ च्या ‘द क्रॅकडाउन’मध्ये उघड उघड फंकवर उभा आहे. कीथ लब्लँक, डग विंबिश आणि स्किप मॅकडॉनल्ड हे शुगरहिल या अमेरिकी कंपनीच्या रॅप तबकड्यांमागचे वादक. लंडनचा निर्माता एड्रियन शेरवुड याच्याबरोबर त्यांनी टॅकहेड हा गट केला. याच शेरवुडने १९८६ मध्ये मिनिस्ट्री या अमेरिकी इंडस्ट्रियल गटाचा ‘ट्विच’ हा अल्बम घडवला, आणि त्याच वळणाच्या नाइन इंच नेल्सच्या १९८९ च्या पहिल्या अल्बमवर तो आणि लब्लँक दोघांचा हात आहे. या संगीताची खरी अडचण डिस्टॉर्शनची, म्हणजे आवाज मुद्दाम फाडण्याची. ते जोरकस आघात दाबतं, हलका वर उचलतं. ३० आणि ११० मधला फरक पुसला जातो. म्हणून हलके आघात वेगळ्या ट्रॅकवर स्वच्छ ठेवायचे, किक आणि मुख्य स्नेअरच डिस्टॉर्शनने जाळायची. रिव्हर्बची (घुमाऱ्याची) शेपटी पुढच्या आघाताआधी गेटने (हलका आवाज बंद करणाऱ्या साधनाने) तोडायची, नाहीतर रिकाम्या जागा भरून जातात.

चरणजित सिंगांची तबकडी मला फार प्रिय आहे. पण २०१० मध्ये ती पुन्हा निघेपर्यंत फारशी कुणी ऐकलीच नव्हती. मुंबईत तिच्यावरून पुढचं काही कुणी रचलं नाही, आणि पहिलं कोण यापेक्षा मला ही गोष्ट जास्त लागते. डॉल्बीचंही तेच. आवाजाची मर्यादा पाळलीच पाहिजे. पण तिथला ठेका सपाट असतो याचा दोष यंत्राला देऊ नका. हलगी नीट ऐकून तो कुणी बसवलेला नसतो.

हलगीत सगळं आहे: जाड काडीचे ठसठशीत आघात, बारीक काडीची मधली भरणी. एका चांगल्या हलगीवाल्याची सोळा आवर्तनं क्लिक (गतीची टिकटिक) कानात देऊन रेकॉर्ड करा. प्रत्येक आघात क्लिकच्या किती मिलिसेकंद पुढे-मागे पडतो ते मोजा, जागेनुसार सरासरी काढा आणि तेवढेच आपले सिंथचे आघात सरकवा. जोरही तसाच उतरवून घ्या. पहिल्या मात्रेवरची किक मात्र जागची हलवू नका.